माळ्यावरचं बेट

संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. सोसायटीचा इतिहास लिहायला माझ्यापेक्षा जाणती माणसं आहेत. बोअरला पाणी किती फुटांवर लागलं, कन्व्हेयन्ससाठी किती हेलपाटे घातले, लिफ्टचे पैसे कसे उभे राहिले, हे त्यांनी याच अंकात लिहिलं असेल. मग सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "काका, तुमच्या माळ्यावर ते पुठ्ठ्याचं बेट आहे ना, त्याच्यावर लिहा. दोन वर्षं झाली तरी मुलं अजून त्याचं नाव काढतात."

ते बेट काय आहे हे सांगायचं तर थोडा इतिहास सांगावा लागेल. तो सोसायटीचा नाही, आपल्या देशाचाही नाही. तो आहे इंग्लंडमधल्या कळसूत्री बाहुल्यांचा, आणि त्यांच्या मागे वेड्या झालेल्या दोन पिढ्यांचा. त्यात एक नोंद माझ्याही नावावर आहे. तेहतीस वर्षं ती सस्पेन्स खात्यात पडून आहे. जन्मभर बँकेत काढला, तेव्हा हिशेब उघडा ठेवून जायचं काही पटत नाही.

१९९० साली बँकेने मला लंडनच्या पश्चिमेला साउथॉलच्या शाखेत पाठवलं. घर मिळालं स्लाउ नावाच्या गावात. तिथून लोकलने रोज शाखेत जायचं. गाव दिसायला साधंच. स्टेशनजवळ हॉर्लिक्सचा लाल विटांचा जुना कारखाना होता. आपल्याकडे आजारपणात ज्याची बाटली घरात यायची, तेच हॉर्लिक्स. ते बघून हिला माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. गावाच्या पलीकडच्या अंगाला मोठी औद्योगिक वसाहत. तिथे मार्सचा चॉकलेटचा कारखाना, आणि बाकी शेडच शेड.

मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. सप्टेंबर १९९१ मध्ये बीबीसी टू वाहिनीवर दर शुक्रवारी संध्याकाळी एक जुनी मालिका पुन्हा दाखवायला सुरुवात झाली. नाव 'थंडरबर्ड्स'. मी पहिला भाग त्याच्याशेजारी बसून पाहिला आणि म्हटलं, "अरे, या तर बाहुल्या आहेत! वरच्या तारासुद्धा दिसतायत." तो म्हणाला, "बाबा, गप्प बसा ना."

दुसऱ्या दिवशी शाखेत ही गंमत सांगितली, तर पस्तिशीतला एक इंग्रज कॅशियर पेन खाली ठेवून बोलायला लागला. लहानपणी तो हे बघत असे. त्यातलं हिरवं विमान त्याच्याकडे होतं, लोखंडासारखं जड. आणि तो म्हणाला, "हे सगळं बनलं कुठे माहीत आहे का? तुम्ही राहता तिथेच, स्लाउच्या त्या शेडमध्ये." मला खरं वाटेना. मग मी चौकशी सुरू केली. वाचनालयातून पुस्तकं आणली. पुढचा इतिहास त्यातला.

बाहुल्या आपल्यालाही नव्या नाहीत. पिंगुळीचे ठाकर लोक कळसूत्री बाहुल्या नाचवत आले आहेत. रामदास पाध्यांचा अर्धवटराव तर घरोघरी माहीत आहे, मात्र तो हातावर बसून बोलणारा. पण पडद्यावर तासभर विमानं, रॉकेटं आणि आगीच्या लोळांमध्ये बाहुल्या कुणी नाचवल्या असतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. १९६५ साली ही मालिका इंग्लंडमध्ये लागली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, आणि मुंबईत टीव्ही यायला अजून सात वर्षं होती. दूरदर्शन मुंबईत सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला.

मालिकेचा कर्ता जेरी अँडरसन. जन्म १९२९, लंडन. हा माणूस सिनेमाच्या संकलन विभागातला. त्याला खऱ्या नटांचे सिनेमे काढायचे होते. मित्रांबरोबर छोटी कंपनी काढली, पण काम येईना. १९५७ मध्ये काम आलं ते मुलांसाठी बाहुल्यांचे भाग करायचं. त्याला ते जरा कमीपणाचंच वाटलं, पण पैशाची गरज होती. मग त्याने ठरवलं की बाहुल्यांचंच करायचं तर असं करू, की ते बघून कुणीतरी आपल्याला सिनेमा देईल. सिनेमाची वाट बघता बघता एकामागून एक मालिका होत गेल्या. 'सुपरकार', 'फायरबॉल एक्सएल फाइव्ह', रंगीत 'स्टिंगरे', आणि मग 'थंडरबर्ड्स'.

बाहुल्यांची अडचण अशी की त्यांना धड चालता येत नाही. पाय टाकला की हिंदकळतात. म्हणून अँडरसनने गोष्टीच अशा निवडल्या की माणसांना चालावंच लागू नये. सगळे गाडीत, विमानात किंवा पाणबुडीत बसलेले. खुर्चीसकट सरकत यानात जायचं. बटण दाबणारा हात जवळून दाखवायचा झाला तर खऱ्या माणसाचा हात दाखवायचा. भविष्यकाळ, रॉकेटं, यंत्रं हे सगळं मुलांना आवडतं म्हणून आलं खरं, पण त्याच्या मुळाशी बाहुलीचे हे लटपटणारे पायही होते. अडचण लपवता लपवता नवी वाट सापडली, असं म्हणायला हरकत नाही.

बाहुली साधारण बावीस इंचांची. वर मचाणासारख्या लाकडी पुलावर उभं राहून माणसं ती तारांवर हलवायची. तारा केसासारख्या बारीक, आणि मागच्या पडद्यात मिसळून जाव्यात म्हणून त्यांना रंग मारलेला. आधी नटांचे आवाज टेपवर घ्यायचे. चित्रीकरणाच्या वेळी ती टेप लावली की आवाजाबरोबर निघणारा विजेचा झटका त्याच बारीक तारेतून बाहुलीच्या डोक्यात जायचा. तिथे एक छोटा विद्युतचुंबक बसवलेला. तो शब्दाशब्दाला खालचा ओठ ओढायचा. हे यंत्र मावावं म्हणून बाहुल्यांची डोकी अंगाच्या मानाने मोठी ठेवावी लागली. या तंत्राला त्याने 'सुपरमॅरिओनेशन' असं भारदस्त नाव दिलं होतं. आपण साधं विजेचं कळसूत्र म्हणू.

विमानं आणि स्फोट यांचं काम डेरेक मेडिंग्ज या कलावंताकडे. छोटं मॉडेल खरं वाटावं म्हणून कॅमेरा नेहमीच्या कितीतरी पट वेगाने चालवायचे. मग पडद्यावर ते संथ आणि वजनदार दिसे. यानांच्या अंगावर बारीकसारीक यंत्रं दिसावीत म्हणून बाजारातल्या प्लास्टिकच्या खेळण्यांचे सुटे भाग चिकटवायचे. एका रॉकेटच्या तळघराच्या भिंतीवर जे मोठं यंत्र दिसतं ना, ते खरं तर लिंबू पिळायचं प्लास्टिकचं भांडं आहे. हे कळल्यावर प्रत्येक भागात आम्ही तेवढंच शोधत बसायचो. हेच मेडिंग्ज पुढे जेम्स बाँडच्या चित्रपटांकडे गेले, आणि 'सुपरमॅन'मधल्या कामासाठी ऑस्करचे एक मानकरी झाले.

पण मला जास्त आवडली ती गोष्टीच्या जन्माची कथा. २४ ऑक्टोबर १९६३ ला पश्चिम जर्मनीत लेंगेडे या गावी लोखंडाच्या खाणीत वरच्या तलावाचं पाणी आणि गाळ घुसला. खाली १२९ कामगार होते. बरेच लगेच बाहेर पडले, काही अडकले. जमिनीला खोल भोक पाडून त्यांना काढायचं, तर तेवढं मोठं ड्रिल जवळपास नाही. ते लांबून आणावं लागलं. २९ जण गेले. पण चौदाव्या दिवशी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, त्या भोकातून अकरा जण जिवंत वर आले. अँडरसन ती बातमी ऐकत होता. त्याच्या मनात आलं, की अशी यंत्रं तयार ठेवून बसलेली आणि जगात कुठेही तासाभरात पोचणारी माणसं असती तर?

त्यातून एक बाप आणि पाच मुलगे यांचं कुटुंब जन्माला आलं. बाप जेफ ट्रेसी, जुना अंतराळवीर, पॅसिफिकमधल्या एका बेटावर राहणारा. मुलांची नावं स्कॉट, व्हर्जिल, अॅलन, गॉर्डन आणि जॉन, म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीरांचीच. वरून बेट म्हणजे श्रीमंताचा बंगला. पण पोहण्याचा तलाव बाजूला सरकतो आणि खालून रॉकेट निघतं. माडांची झाडं दोन्ही बाजूंना कलतात आणि मधून हिरवं अवजड विमान, म्हणजे 'थंडरबर्ड टू', बाहेर येतं. त्याच्या पोटातल्या पेटीत त्या त्या कामाचं यंत्र. त्यात जमिनीत घुसणारं 'मोल' नावाचं अजस्र ड्रिल आमच्या चिरंजीवांचं सगळ्यात लाडकं.

नावामागेही एक गोष्ट आहे. जेरीचा मोठा भाऊ लायोनेल दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात होता. वैमानिकाचं शिक्षण घ्यायला तो अमेरिकेत गेला. तिथून घरी लिहिलेल्या पत्रात त्याने जवळच्या 'थंडरबर्ड फील्ड' या विमानतळाचा उल्लेख केला होता. १९४४ मध्ये तो लढाईत मारला गेला. वीस वर्षांनी धाकट्या भावाने त्या पत्रातला शब्द उचलला आणि माणसं वाचवणाऱ्या पाच भावांच्या गोष्टीला दिला. हे वाचलं त्या रात्री मी पुस्तक मिटून जरा वेळ नुसताच बसलो होतो. मालिकेत शत्रू आहेत, लबाड माणसंही आहेत. पण पाच भाऊ निघतात ते दर वेळी कुणाला तरी सोडवायला.

पैसा घालणारा होता लू ग्रेड नावाचा मोठा निर्माता. अर्ध्या तासाचा पहिला भाग पाहून तो इतका खूश झाला की म्हणाला, हे तासाचं करा. तयार होत आलेले भाग पुन्हा वाढवावे लागले. ३० सप्टेंबर १९६५ ला मालिका सुरू झाली आणि इंग्लंडची मुलं वेडी झाली. पण अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांनी ती घेतली नाही. खर्चाचा मेळ बसेना, म्हणून ग्रेडने ३२ भागांवर थांबवली. कर्ज वसूल होण्याची चिन्हं नसतील तर पुढचा हप्ता द्यायचा नाही, हे मला समजतं. तरी वाईट वाटलं.

मालिका थांबली, पण खेळणी राहिली. लिव्हरपूलच्या कारखान्यातून निघणाऱ्या 'डिंकी' गाड्या प्रसिद्ध होत्या. त्यांनी लेडी पेनेलोपची सहा चाकांची गुलाबी रोल्स रॉइस काढली, आणि १९६७ मध्ये ते हिरवं 'थंडरबर्ड टू'. बटण दाबलं की पाय बाहेर येत आणि पोटातली पेटी सुटे. आत इवलीशी पिवळी पाणबुडी. आमच्या कॅशियरकडे होतं ते हेच. डिंकीचा आपल्याशीही थोडा संबंध आहे. त्यांच्या जुन्या मोटारींचे साचे कोलकात्याला आले आणि तिथे 'निकी' या नावाने गाड्या निघू लागल्या. माझ्या पुतण्याकडे त्यातली एक होती. तेव्हा काय ठाऊक, की तिची भावंडं लिव्हरपूलची आहेत. तो कारखाना १९७९ मध्ये बंद झाला.

आता १९९२. मालिका पुन्हा लागून वर्ष झालं होतं आणि नव्या पिढीला तोच ताप चढला होता. मॅचबॉक्स कंपनीने त्या बेटाचंच मोठं खेळणं काढलं, 'ट्रेसी आयलंड'. नाताळ जवळ आला तसं ते दुकानातून नाहीसं झालं. आईबाप पहाटेपासून रांगा लावत होते. मी मुलाला कबूल केलं होतं की इंग्रजी वाचनात शाळेकडून शाबासकी आणलीस तर बेट तुझं. त्याने आणली.

एका शनिवारी त्याला घेऊन मी तीन दुकानं फिरलो. तिन्हीकडे नाही. तिसऱ्या दुकानाबाहेर एक माणूस मोठ्या पिशवीत तेच खोकं घेऊन उभा होता. किंमत विचारली, तर दुकानाच्या दुप्पट. परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसाला एक खोड असते, मनातल्या मनात पौंडाचे रुपये करायची. मी केले. एवढ्या रुपयांत ठाण्याला काय काय होईल तेही मोजलं. पैसे खिशात होते. मी नको म्हटलं. मुलगा दुकानाच्या काचेतली रोषणाई बघत होता. मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, "संपली सगळी. एकही शिल्लक नाही." तो काही बोलला नाही. घरी येऊन हिलाही मी तेच सांगितलं.

ही ती नोंद. बँकेत मी कुणाचा पैसा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, आणि सात वर्षांच्या मुलाला दिलेला शब्द मात्र दोन मिनिटांत फिरवला. पगार काही कमी नव्हता.

त्याच हिवाळ्यात बीबीसीच्या 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात अँथिया टर्नर या निवेदिकेने घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून ट्रेसी आयलंड करून दाखवलं. खेळणं न मिळालेल्या सगळ्या घरांत जणू सणच आला. कृतीचा कागद पाठवा म्हणून बीबीसीकडे इतकी पत्रं गेली की पुढे त्यांना त्याची व्हिडिओ कॅसेटच काढावी लागली. आमच्याकडे मात्र ही टीव्हीसमोर विजेच्या बिलाच्या पाठीवर भराभर लिहून घेत होती. पुठ्ठा, दह्याचे रिकामे डबे, काड्यापेट्या, कागदी नळ्या.

मग आठ दिवस घरात दुसरं काही नव्हतं. हिने मैद्याची खळ शिजवली. वर्तमानपत्रांचे तुकडे त्यात भिजवून डोंगर चढवायला लागलो तेव्हा ही म्हणाली, "अहो, हा तर दिवाळीचा किल्लाच!" तेव्हापासून माझे हात आपोआप चालायला लागले. चाळीत सगळे किल्ले मीच करायचो. फक्त मातीऐवजी कागद आणि मावळ्यांऐवजी ट्रेसी बंधू. माड कलून पुन्हा उभे राहावेत म्हणून नोटांच्या बंडलांना लावतात ते रबर बँड खालून बसवले. भांडी घासायच्या साबणाच्या बाटलीचं 'थंडरबर्ड टू' झालं. 'मोल' मुलाने स्वतः केला, आइस्क्रीमच्या कोनाचा कागद पेन्सिलीला गुंडाळून. शाळेत घेऊन गेला तर वर्गात आणखी चार बेटं आली होती. माड कलणारं एकच होतं.

त्याचं समाधान झालं. माझं झालं नाही. तो बेटाशी खेळत असला की मला ती पिशवी दिसायची.

१९९४ मध्ये आम्ही परत आलो. सामानाच्या वजनावरून आमची थोडी वादावादी झाली, पण बेट आलं. २००० साली या सोसायटीत राहायला आलो तेव्हा ते माळ्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. मुलगा शिकला, नोकरीसाठी बेंगळुरूला गेला. ही जाऊनही आता सहा वर्षं झाली. बेट उलटं केलं की तळाच्या पुठ्ठ्यावर ते विजेचं बिल चिकटवलेलं आहे. अक्षर तिचं.

मग आली २०२३ ची दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, १२ नोव्हेंबरला पहाटे, उत्तरकाशीजवळ सिलक्यारा बोगद्याचा भाग कोसळला आणि ४१ कामगार आत अडकले. आपली मुलं पार्किंगच्या कडेला किल्ला करत होती. एकाने मला विचारलं, "आजोबा, त्यांना आता कसं काढणार?" मी लेंगेडेची गोष्ट सांगितली, 'मोल'ची सांगितली, आणि वॉचमनला शिडी धरायला लावून माळ्यावरून बेट खाली काढलं. रबर बँड केव्हाच तुटले होते. मुलांनी नवे लावले. किल्ल्याला बोगदाही खणला. दिल्लीहून हवाई दलाच्या विमानांनी ड्रिलचं मोठं यंत्र नेलं, ही बातमी आली तेव्हा मुलं टाळ्या पिटत माझ्या दाराशी आली. अगदी 'थंडरबर्ड टू'च!

यंत्राने पुष्कळ अंतर कापलं आणि लोखंडात अडकून मोडलं. शेवटचे काही मीटर खाणकामगारांनी अरुंद पाइपात शिरून हातांनी उकरले. सतराव्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, ४१ च्या ४१ माणसं बाहेर आली. तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी मुलांनी तोवर किल्ला मोडू दिला नव्हता. पार्किंगची जागा अडल्याची तक्रार समितीकडे आली होती, ती कुणाची हे मी इथे लिहीत नाही.

अँडरसन २०१२ मध्ये गेला. आपण खऱ्या नटांऐवजी बाहुल्या नाचवल्या याची खंत त्याला होती म्हणतात. ती त्याने करायला नको होती, असं मला त्या रात्री टीव्हीसमोर बसलेली मुलं पाहून वाटलं. कुणीतरी अडकलंय आणि कुणीतरी निघालंय, एवढं मुलांना पोचलं की पुरे. मग तार दिसली काय आणि न दिसली काय.

हा लेख छपाईला देण्याआधी मी मुलाला फोनवर वाचून दाखवला. त्या माणसाच्या पिशवीचा भाग आला तेव्हा माझा आवाज जरा बसला. पलीकडून तो म्हणाला, "बाबा, तुम्ही त्याला किंमत विचारलीत ना, ते मी ऐकलं होतं."

मी म्हटलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? आठ दिवस तुम्ही शाखेतून आल्यावर बूट न काढता जमिनीवर बसत होतात." मग जरा थांबून म्हणाला, "ते बेट कुणाला देऊन टाकू नका हं."

तेव्हा बेट माळ्यावरच आहे. मुलांनी केव्हाही येऊन पाहावं. फक्त दुपारी दोन ते चार बेल वाजवू नये.